जीपचं मागचं दार

कुलसुम आली तेव्हा चारुदत्त सातवीच्या मुलांना त्रैराशिक शिकवत होता आणि घाम मात्र त्याचाच निघत होता. कामोठ्यातल्या त्या फ्लॅटची बाहेरची खोली म्हणजे त्याचे क्लासेस आणि आतली खोली म्हणजे त्याच्या वहिनीचं ऑफिस. दारावर पाटी एकच होती, क्लासेसची. रमाबाईंना पाटी लागत नसे.

रमाबाईंनी पंधरा वर्षं विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. नवरा गेल्यावर नोकरी सोडली आणि लोकांच्या खाजगी चौकशा करायला लागल्या. माणसं खोटं बोलतात याचं त्यांना काही वाटत नसे. गाडीला तोंड नाही म्हणून तिच्या नावावर काहीही खपवतात, याचा मात्र भारी राग यायचा.

"गाडी सापडली आहे," खुर्चीत बसत कुलसुम म्हणाली. "चोर सापडायचाय. आणि तो कोण, हे आमच्या नोमानने ठरवून टाकलंय. आज पाच वाजता तो तक्रार घेऊन ठाण्यात जाणार."

"आधी गाडी सांगा," रमाबाई म्हणाल्या.

पन्नाशीची कुलसुम पनवेलमध्ये एक धर्मादाय दवाखाना चालवायची. तिचे शौहर कमरुद्दीन कुवेतला नोकरीला होते, ते वारल्यावर त्यांच्या नावाने तिने तो काढला होता. बारा दिवसांपूर्वी पोलिसांनी आपली एक निवृत्त जीप दवाखान्याला दान दिली होती. आपटा गावाच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्या आहेत, तिथले आजारी आणायला. शिपायांनी नारळ फोडला, आतबाहेर अक्षता टाकल्या, फोटो निघाले. ड्रायव्हर ठेवला तो तिथल्याच एका वाडीतला, जैतू.

"काल जुम्मा. एक ते चार दवाखाना बंद. गाडी शेडमध्ये होती. चारला आलो तर शेड रिकामी. आज सकाळी दूधवाल्याचा फोन आला, की गाडी आपट्याला, वाडीच्या पायथ्याशी झाडाखाली उभी आहे."

"काय गेलं?"

"काहीच नाही. फक्त कडी गेली."

"कसली कडी?" चारुदत्तने दारातून विचारलं. मुलांना त्याने गणित घातलं होतं आणि कान इकडे लावले होते.

"मागच्या बाजूला तळाशी लोखंडाची कडी होती. आरोपीची बेडी तिला अडकवायचे." कुलसुमने ओढणी सारखी केली. "ती कापून नेलीय. चार दिवसांपूर्वी जैतू सगळ्यांसमोर बोलला होता, ही कडी मीच एक दिवस कापून टाकीन. दानपत्रात लिहिलंय, वर्षभर गाडीत काही बदल करायचा नाही, नाहीतर गाडी परत. मी परवानगीचा अर्ज दिलाय. तो कोणत्या टेबलावर पडलाय, अल्लाला माहीत."

"चावी?"

"यादीत दोन लिहिल्यात. मिळाली एकच, दुसरी कधीच हरवली म्हणाले. आमची खिळ्याला होती, आताही आहे. नोमान म्हणतो, जैतूने दुसरी बनवून घेतली. आणि एकट्याचं कामच नाही ते. गाडीचा सेल्फ-स्टार्टर गेलाय, रोज सकाळी तिघं ढकलतात तेव्हा सुरू होते. म्हणजे जैतू आणि वाडीतले दोघं."

"ढकलताना कोणी बघितलं?"

"नाही. समोरचा शिंपी म्हणतो, एकदम सुरू झाल्याचा आवाज आला."

"आणि जैतू काय म्हणतो?"

"तेच तर ना. काल दुपारी कुठे होतास विचारलं की खाली बघतो." कुलसुम खुर्चीत पुढे सरकली. "त्याची बायको चिंधी आठव्या महिन्यात आहे. गेल्या खेपेला झोळीतून आणताना रस्त्यातच मूल गेलं तिचं. ही गाडी मी तिच्यासाठी मागितली होती म्हणा ना. आता जैतूलाच पोलिसांनी नेला, तर वाडीतलं एकही माणूस त्या गाडीजवळ फिरकणार नाही."

रमाबाई उठल्या. "भावजी, मुलांना सोडा."

मुलांनी इतक्या तत्परतेने दप्तरं भरली, की चारुदत्तला जरा वाईटच वाटलं.

*

नोमान गाडी घेऊन खाली थांबला होता. तो कमरुद्दीनचा पुतण्या. तिशीचा, नीटनेटका, पनवेलमध्ये त्याचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. तक्रारीचा कागद त्याच्या खिशात घडी करून तयार होता.

"मॅडम, माझं कोणाशी वैर नाही," गाडी हमरस्त्याला लागताच तो म्हणाला. "पण चाची सगळ्यांवर विश्वास ठेवते. मी पहिल्यापासून सांगत होतो, हा कंडम माल नको. विकू आणि चांगली व्हॅन घेऊ."

"मग जीप परत गेली तर तुमचं बरंच होईल."

नोमानने आरशातून बघितलं. "दानाची गाडी परत गेली तर दवाखान्याची बदनामी होईल. काल मी नमाजला होतो, नंतर दुकानात. दहा गिऱ्हाइकं सांगतील."

"तुमच्याकडे त्या जीपचे भाग मिळतात?"

"फिल्टर, ब्रेक वगैरे. बॉडीचं काही नाही. दाराची हँडलं, काचेचे खटके वगैरे सगळं बंद होऊन जमाना झाला. भंगारातसुद्धा सापडत नाहीत."

चारुदत्तला हे बोलणं निरर्थक वाटलं. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

आपट्याला नदी डाव्या हाताला ठेवून रस्ता वर वळतो, तिथे एका मोठ्या आंब्याखाली जीप उभी होती. तोंड रस्त्याकडे आणि मागच्या चाकाला दगड. शेजारी पस्तिशीचा एक काटक माणूस उकिडवा बसला होता. तो जैतू. त्यांना बघून तो उभा राहिला, पण जवळ आला नाही.

रमाबाईंनी पदर खोचला आणि आधी बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघून त्या म्हणाल्या, "भावजी, हा सेल्फ. काय दिसतं?"

"गोल डबा आहे. ठोके पडलेत."

"कसे?"

"काळे पडलेले, जुने. वीस-पंचवीस तरी असतील. आणि हा एक चकचकीत आहे."

"शाबास," रमाबाई म्हणाल्या. चारुदत्तला आपण काय केलं ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

मग त्या मागे गेल्या. कडी होती तिथे आता सपाट पत्रा होता. करवतीने कापून, कानशीने घासून वर रंग दिलेला होता, गाडीच्याच रंगाचा. बोट लावलं तर अजून चिकट लागत होता. झाडाखाली गवत दबलं होतं आणि त्यात लोखंडाचा कीस पडला होता. मागच्या सीटवर मात्र बारा दिवसांपूर्वीच्या अक्षता, कुंकवाचा रंग फिका पडलेल्या, जशाच्या तशा होत्या.

रमाबाई आत चढल्या, दार ओढून घेतलं आणि आतून उघडून खाली उतरल्या.

जैतूचं तोंड उघडंच राहिलं. "आतून उघडलं?"

"का? उघडत नव्हतं?"

"आतून हँडलच नव्हतं बाई. नुसता पत्रा मारलेला. भायरून कोणीतरी उघडायचं, तवा मागचा उतरणार."

"मग हे नवीन बसवलंय," चारुदत्त म्हणाला.

"नवीन स्क्रू आहेत," रमाबाई म्हणाल्या. "हँडल पुढच्या दारांइतकंच म्हातारं आहे. पॉलिश बघा, सारखंच गेलंय."

त्यांनी जैतूला बाजूला घेतलं. नोमान आणि कुलसुम दूर उभे राहिले.

"शेडमध्ये तू गाडी कशी लावतोस?"

"तोंड आत. भिंतीला टेकवून. सकाळी मागं ढकलतो."

"आणि मागच्या सीटवर बारा दिवसांत कोणी बसलेलं नाही."

जैतूने मान खाली घातली. "कोणीच बसत नाय बाई. मी रोज गाडी आणतो, हितं चालूच ठेवून उभी करतो. लोकं चालत उतरतात आन् टमटमनं पनवेलला जातात. मी रिकामी गाडी मागनं नेतो. बाईंना सांगतो, पेशंट आणले. काल दुपारी तर गाडी शेडातच ठेवून वाडीत आलो. भामाआजीला ताप होता, गाडीत नाय बसत म्हनाली. मग झोळीतून खाली आणली. बाईंना काय सांगू? ज्याच्या गाडीत कोणी बसत नाय, तो ड्रायवर कशाला ठेवतील त्या?"

"लोक का बसत नाहीत?"

"माझा सासरा, अंकुश. वीटभट्टीवर चोरी झाली म्हणून याच गाडीतनं नेला होता, पंधरा वर्सं झाली. त्या कडीला बांधून. भट्टीचा रस्ता खड्ड्यांचा, गाडी जोरात. मनगट मोडलं त्याचं. तीन दिवसांनी सोडला, चोरी त्यानं केलीच नव्हती. हात तो वाकडाच राहिला. चिंधी तवा आठ वर्सांची, गाडीच्या मागं धावली होती. ती म्हणते, झोळीतून जाईन, मेले तरी चालेल, त्या दारात नाय चढणार."

"हे तू आणखी कोणाला सांगितलंस?"

"दादूला. पोलिसातला जुना ड्रायवर. गाडी द्यायला तोच आला होता, मग दोन दिवस मला शिकवलं. चांगला माणूस हाय."

"चार वाजता अंकुशला आणि चिंधीला इथे खाली घेऊन ये," रमाबाई म्हणाल्या. "गाडीत बसायला नाही. नुसतं उभं राहायला."

*

दादूचं घर गव्हाणला होतं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, तरी मिश्या आणि कणा अजून नोकरीतच होते. कुलसुमला बघून तो लगबगीने उठला. त्याची बायको शांती चहा ठेवायला आत गेली.

रमाबाईंनी एवढंच सांगितलं, की गाडी काल गेली होती आणि आज मिळाली. जैतूचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि कुलसुमने घ्यायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या हातावर हात ठेवला.

"मिलाली ना? मग झालं," दादू म्हणाला.

"तुम्ही किती वर्षं चालवलीत?"

"बावीस. दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय."

"सेल्फ खराब आहे म्हणे."

"तो दहा वर्सं तसाच हाय. ढकलल्याबिगर सुरूच होत नाय ती. तिघं तरी लागतात."

"फार त्रास झाला असेल तुम्हाला."

"छे. साहेबाला घरी सोडायचं आन् एकट्यानं रिकामी गाडी आनायची. खोपोली म्हना, उरन म्हना. एकदा पन रस्त्यात आडकलो नाय." त्याच्या आवाजात अभिमान होता. "गाडी आपली असली की बोलते आपल्याशी."

चारुदत्तला त्याचं फार कौतुक वाटलं. तसं त्याने बोलूनही दाखवलं.

शांतीने चहा आणला. दादूने कप हातात धरून ठेवला. "घ्या की तुमी पन," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग रमाबाईंकडे वळून, "कालपासून यांना जेवान जात नाय. इचारलं तर बोलत नाय."

"काल कुठे होतात?" रमाबाईंनी सहज विचारलं.

"हितंच," दादू म्हणाला. "आमी कुठं जानार?"

आत चाललेली शांती दारातच क्षणभर थांबली, मग आत गेली.

"चला आमच्याबरोबर आपट्याला," रमाबाई म्हणाल्या. "गाडीला काही झालंय का, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?"

दादूने चहा न पिताच खाली ठेवला आणि शर्ट बदलायला गेला.

"वहिनी," चारुदत्त कुजबुजला, "चांगला माणूस आहे हो."

"तेच तर," रमाबाई म्हणाल्या.

*

चारच्या सुमाराला सगळे आंब्याखाली जमले. जैतूच्या मागे चिंधी उभी होती, एक हात पोटावर, नजर जीपकडे. गाडी जणू अंगावर येणार असावी, इतकी लांब. तिच्याशेजारी पांढऱ्या केसांचा अंकुश. त्याचं उजवं मनगट आत वळलेलं होतं.

दादूने ते मनगट बघितलं आणि तो जागीच उभा राहिला.

"मॅडम, चार वाजून गेले," नोमानने खिशातून कागद काढला. "मला पाचला ठाण्यात पोचायचंय. जैतू, अजून वेळ आहे, कबूल कर. तुझ्या नावानेच लिहिलंय हे."

"जैतूच्या?" दादूचा चेहरा उतरला. "त्याचा काय संबंध? बाई, ऐका..."

"थांबा दादू," रमाबाई म्हणाल्या. "आधी मी सांगते. चुकलं तर दुरुस्त करा."

त्या जीपला टेकून उभ्या राहिल्या.

"नोमान, तुम्ही दोन गोष्टी धरून चाललात. तिघांशिवाय गाडी सुरू होत नाही आणि कडी चोरीला गेली. दोन्ही चूक. सेल्फ मेलेला नाही, अडकतो. त्याच्यावर पान्याचा एक ठोका नेमक्या जागी मारला की फिरतो. त्या डब्यावर जुने, काळे ठोके आहेत आणि एक ताजा आहे. म्हणजे ही युक्ती कोणीतरी वर्षानुवर्षं वापरत होतं आणि काल पुन्हा वापरली. म्हणून शिंप्याला ढकलल्याचा नाही, एकदम सुरू झाल्याचा आवाज आला."

"मग जैतूने..." चारुदत्त म्हणाला.

"जैतूला युक्ती माहीत असती तर रोज सकाळी तिघं कशाला घाम गाळतील? दादू मला म्हणाले, दहा वर्षं ढकलल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. आणि त्याच दमात म्हणाले, एकटाच गाडी आणायचो, कधी अडकलो नाही. मग एकट्याला ढकलायचं कोणी, भावजी?"

चारुदत्तने दादूचं केलेलं कौतुक आठवून कान चोळले.

"आता गाडी लावलीय कशी बघा. जैतू तोंड भिंतीकडे करून लावतो. ही तोंड रस्त्याकडे करून उभी आहे, चाकाला दगड लावून. हाक आली की निघायचं, ही ठाण्यातली सवय."

"पण वहिनी, सवय कोणाचीही असेल," चारुदत्त म्हणाला.

"असेल. हँडल कोणाचंही नसतं. हे नोमानच्या दुकानात मिळत नाही, भंगारातही सापडत नाही. पुढच्या हँडलांबरोबरच हे म्हातारं झालंय. म्हणजे हे याच दाराचं आहे. ज्या दिवशी आरोपींसाठी दार आतून बंद केलं, त्या दिवशी कोणीतरी ते काढलं आणि फेकलं नाही, जपून ठेवलं. आपल्या गाडीचा तुकडा म्हणून. हरवलेली दुसरी चावी त्याच्याच खिशात असणार. कडी घासून वर रंग देणारा माणूस चोर नसतो. तो शरमलेला असतो."

दादूने खिशातून चावी काढली. दोरीला बांधलेली, झिजून गुळगुळीत झालेली.

"बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्यात असंच चालतं बाई. गाडीची खोड ज्याला ठावूक, गाडी त्याची. दुसऱ्याला सांगितली की साहेब उद्या त्याला गाडी देतात. म्हनून जैतूला समदं शिकवलं आन् तेवढं नाय शिकवलं. रिटायर झालो, गाडी दान झाली, तरी जीव सुटला नाय."

"पण मला विचारायचं ना दादू," कुलसुम म्हणाली.

"इचारलं असतं तर तुमी व्हय म्हनला असता, आन् कागद तुमच्या आंगावर आला असता. मला वाटलं, चोरी झाली म्हनतील, कोन चोर ते कलनार नाय, गाडी तर सुधारंल. जैतूवर येल हे ध्यानातच नाय आलं. काम झाल्यावर वाडीत जाऊन सांगायचं होतं. अंधार पडंपर्यंत झाडाखाली बसलो. वर जायचा धीर झाला नाय. गाडी सोडून एस्टीनं घरी गेलो." मग तो अंकुशकडे वळला, पण वर बघू शकला नाही. "त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

"मला ठावं हाय," अंकुश म्हणाला. "मी पाणी मागितलं होतं."

"व्हय. ऐकलं मी."

"थांबला नायस."

"नाय थांबलो. साहेब घाईत होता. मी पन घाबरलो साहेबाला." दादूच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

अंकुशने नजर गाडीकडे वळवली.

नोमान हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मग त्याने तो फाडला, आणि तुकडे टाकायला जागा न सापडल्यामुळे परत खिशात ठेवले. "जैतू, माफ कर भाई," तो म्हणाला. "चाची, बदलाचं मी ठाण्यात लिहून देतो. सुरक्षेसाठी केलं म्हणून. गाडी परत मागतील तर मी बोलेन त्यांच्याशी."

दादूने झिजकी चावी जैतूच्या हातात ठेवली आणि त्याला बॉनेटकडे नेलं. पाना हातात देऊन त्याचं बोट सेल्फवर एका जागी टेकवलं. "हितं. जोरात नाय. हाक मारल्यावानी." जैतूने ठोका मारला, आत बसून चावी फिरवली. जीप कोणी न ढकलता सुरू झाली.

चिंधी दोन पावलं मागे सरली. "बंद कर," ती म्हणाली. जैतूने लगेच बंद केली.

"पोरी, दार बदललंय," कुलसुम हळूच म्हणाली.

चिंधीने मान हलवली. तिची नजर त्या मागच्या दारावरच होती.

अंकुश पुढे निघाला. दादू आधार द्यायला सरकला, पण अंकुशने त्याच्याकडे बघितलं नाही. तो एकटाच गाडीत चढला, अक्षता हाताने बाजूला सारून सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं.

बाहेर सगळे उभे होते. आतून काही वेळ काहीच आवाज आला नाही.

मग खटका वाजला आणि दार उघडलं. अंकुशने ते परत लावून घेतलं, परत उघडलं. तिसऱ्या खेपेला त्याने वाकड्या हाताने हँडल दाबलं. जरा वेळ लागला, पण दार उघडलं.

"चिंधे," तो आतून म्हणाला, "ये. आतनं उघडतंय."